येळवशीच्या शेतातले फुल हाऊस

मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या लातूर भागात वेळा अमावस्या असते आणि बोलण्यात आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात भावकीतली चार घरे आणि पाहुणे मिळून चाळीस-पन्नास माणसे जमतात. सकाळी कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, दुपारी भज्जी, उंडे, आंबील आणि खिरीचे जेवण होते, आणि जेवणे आटोपली की बाभळीच्या सावलीत सतरंज्या टाकून हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे आपापल्या तिकिटावर भरत जाण्याचा खेळ, खेळली जाते. हाउजी आमच्याकडे पुण्याहून येणाऱ्या दिरांनी आणली आणि काही वर्षांतच ती येळवशीच्या दिवसाचा भागच होऊन गेली.

मागच्या वर्षीच्या खेळात एक गोष्ट घडली आणि ती माझ्या मनातून गेली नाही. आकडे पुकारण्याचे काम तेव्हा मोबाइलमधल्या एका ॲपवर सोपवलेले होते. ते इंग्रजीत, ठरावीक अंतराने, कोणासाठीही न थांबता आकडे म्हणत होते. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या आत्याबाई म्हणतो, त्या शेजारी बसलेल्या नातीकडून प्रत्येक आकडा मराठीत समजून घेऊन तुरीचा एकेक दाणा तिकिटावर ठेवत होत्या. त्यांचे पंधराही आकडे भरले तेव्हा त्यांनी नातीला सांगितले, नातीने आईला सांगितले, आणि आईने हाक मारेपर्यंत यंत्र दोन आकडे पुढे गेले होते. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी फुल हाऊस, म्हणजे सगळे तिकीट भरले, म्हणून ओरडले आणि बक्षीस तिकडे गेले. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दाणे ओंजळीत गोळा केले आणि पुन्हा वाटीत टाकले. पुढच्या वर्षी हा खेळ मी घेईन, असे मी त्याच संध्याकाळी घरात सांगून टाकले.

मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते. त्यामुळे हा खेळ हाती घेतल्यावर पहिल्यांदा तिकीटच नीट समजून घेतले. हाउजीच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने, म्हणजे सत्तावीस घरे असतात. त्यांपैकी पंधरा घरांत आकडे असतात आणि बारा रिकामी असतात, आणि प्रत्येक ओळीत बरोबर पाच आकडे येतात. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९ असे करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९० हे आकडे असतात. सहा तिकिटांची एक पट्टी नियमाने बनवलेली असेल तर १ ते ९० यांपैकी प्रत्येक आकडा त्या पट्टीत एकदाच येतो, कारण सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद. पुण्याच्या भाच्याने सांगितले की अमेरिकेतल्या बिंगोचे कार्ड पाच बाय पाच घरांचे असते, मधले घर मोकळे धरले जाते आणि आकडे पंच्याहत्तरच असतात. तिथे सगळे कार्ड भरायचे तर चोवीस आकडे लागतात. आपल्याकडे रूढ झाली ती नव्वद आकड्यांची पद्धत, आणि ती इंग्रजांच्या फौजेबरोबर आली. तंबोला हे तिचे दुसरे नाव मात्र इटलीकडचे आहे.

लातुरात गंजगोलाईत स्टेशनरीच्या दुकानात छापील तिकिटांचे गठ्ठे मिळतात आणि ते स्वस्तही असतात. मी एक गठ्ठा आणला, पण त्यावरचे आकडे इंग्रजी आणि बारीक होते. आमच्या घरातल्या साठीच्या पुढच्या निम्म्या बायकांना इंग्रजी आकडे पटकन लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून मी जाड पुठ्ठ्यावर, देवनागरी आकड्यांत, हाताने अठ्ठेचाळीस तिकिटे करायची ठरवली. आठ पट्ट्या केल्या, म्हणजे प्रत्येक आकडा बरोबर आठ तिकिटांवर असणार होता. या कामाला दिवाळीनंतरचे तीन रविवार गेले.

पट्टी बनवणे दिसते तितके सरळ नाही. पहिल्या प्रयत्नात मी तिकिटे एकामागून एक भरत गेले आणि पाचव्या तिकिटावर अडकले, कारण उरलेले आकडे दोन-तीन रकान्यांतच साठून राहिले होते आणि एका रकान्यात तीनपेक्षा जास्त आकडे मावत नाहीत. नंतर रीत बदलली. आधी प्रत्येक तिकिटाच्या प्रत्येक रकान्याला एकेक आकडा वाटून दिला, म्हणजे चोपन्न आकडे संपले. छत्तीस उरले. त्यांत पहिल्या रकान्याचे तीन, शेवटच्या रकान्याचे पाच आणि मधल्या सात रकान्यांचे प्रत्येकी चार होते, आणि ते सहाही तिकिटांना सहा-सहा असे वाटले. मग प्रत्येक तिकिटावर ओळीला पाच येतील अशी वर-खाली मांडणी केली आणि रकान्यात लहान आकडा वर, मोठा खाली ठेवला. लिहून झालेली पट्टी माझ्या मुलीने १ ते ९० पर्यंत एकेक आकडा खोडत तपासली. एका पट्टीत ३४ दोनदा आला होता आणि ४३ आलाच नव्हता. ती चूक राहिली असती तर ३४ नऊ तिकिटांवर आणि ४३ सातच तिकिटांवर आला असता आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

बक्षिसांबाबत घरात थोडी चर्चा झाली. तिकिटाला पैसे लावावेत असे काही तरुण मुलांचे म्हणणे होते, पण मला ते मान्य नव्हते. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालापासून आहे ही एक गोष्ट, आणि ज्या दिवशी शेतावर आलेल्या कोणालाही जेवल्याशिवाय परत जाऊ देत नाहीत त्या दिवशी तिकिटासाठी पैसे मागायचे, हे मला शोभत नाही असे वाटले, ही दुसरी. शेवटी प्रत्येक घराने एक-दोन वस्तू आणायच्या ठरल्या. जल्दी पाच, म्हणजे तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सर्वांत आधी भरणाऱ्याला, स्टीलचा डबा होता. चार कोपऱ्यांना, म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीतल्या पहिल्या व शेवटच्या आकड्यांना, पितळी तांब्या होता. वरची, मधली आणि खालची ओळ यांना प्रत्येकी दोन किलो तूरडाळ होती. पहिल्या फुल हाऊसला सोलापुरी चादरींची जोडी आणि दुसऱ्या फुल हाऊसला गुळाची ढेप ठेवली होती.

खेळ सुरू होण्यापूर्वी मी नियम मोठ्याने सांगितले आणि प्रत्येकाला कळले का ते विचारले, कारण हाउजीतली बहुतेक भांडणे न सांगितलेल्या नियमांवरूनच होतात. प्रत्येकाला एकच तिकीट मिळेल, कारण दोन तिकिटे घेणाऱ्याची संधी सरळ दुप्पट होते. ज्या आकड्याने डाव पूर्ण होतो तो पुकारल्यावर आणि पुढचा आकडा पिशवीतून निघण्यापूर्वी हात वर करायचा. उशीर झाला तर तो दावा गेला. एकाच आकड्यावर दोघांचे भरले तर बक्षीस दोघांत वाटायचे. चुकीचा दावा केला तर ती बोगी, आणि ते तिकीट खेळातून बाद. ओळ जिंकलेले तिकीट पुढे फुल हाऊसलाही चालेल. शेवटी मी हेही सांगितले की प्रत्येक आकड्यानंतर मी मनात पाच मोजीन, सगळीकडे बघीन आणि मगच पिशवीत हात घालीन. या एका नियमावर मुले कुरकुरली, पण मी तो सोडला नाही. मागच्या वर्षी जे झाले ते नशिबाने झाले नव्हते, ते वेगाने झाले होते, आणि वेग हा पुकारणाऱ्याच्या हातात असतो.

आकडा कसा म्हणायचा याचाही मी विचार केला होता. मराठीतले जोडआकडे सुंदर आहेत, पण वाऱ्यावर ते अर्धवट ऐकू येतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट, त्रेचाळीस आणि त्र्याऐंशी यांची सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला सहज गल्लत होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, आणि मीही तेव्हा नाराज शिक्षकांपैकी एक होते. शेतात आकडे पुकारायची वेळ आली तेव्हा मात्र त्या पद्धतीमागची अडचण मला स्वतःला जाणवली. म्हणून प्रत्येक आकडा दोनदा म्हणायचा असे ठरवले, एकदा पूर्ण नाव आणि लगेच सुटे अंक: ‘एक्काहत्तर, सात एक’.

दुपारी तीनच्या सुमारास खेळ सुरू झाला. नव्वद सोंगट्या मी सर्वांसमोर दहा-दहाच्या ढिगांत मोजून कापडी पिशवीत टाकल्या. मुलगी मोठा तक्ता घेऊन शेजारी बसली. निघालेली प्रत्येक सोंगटी त्या तक्त्यावर आपापल्या घरात ठेवायची होती. वारा असल्यामुळे पेनाने खोडणे सोपे गेले असते, पण तिकिटे पुढच्या वर्षीही वापरायची होती, म्हणून तुरीचे दाणेच ठेवले. दाणा लहान, गुळगुळीत आणि पुठ्ठ्यावर घरंगळणारा असतो, हे पाचव्याच आकड्याला दिसून आले. सालगड्याचा धाकटा मुलगा धावत आला आणि तीन तिकिटांवरचे दाणे सतरंजीवर सांडले. त्या तिघींना वाटले की आपला डाव मोडला. खरे तर निघालेला प्रत्येक आकडा तक्त्यावर असतो, त्यामुळे तिकीट कधीही पुन्हा लावता येते. मुलीने तक्ता उचलून त्यांच्यासमोर नेला आणि दोन मिनिटांत तिन्ही तिकिटे पुन्हा लागली. तेवढा वेळ सगळे थांबले, आणि थांबायला कोणी नाही म्हटले नाही.

बाराव्या आकड्याला जल्दी पाच गेले, एकतिसाव्याला चार कोपरे. वरची ओळ अडतिसाव्याला, खालची बेचाळिसाव्याला आणि मधली एकेचाळिसाव्यालाच गेली. त्यानंतर बराच वेळ कोणी हात वर केला नाही, आणि फुल हाऊसचा खरा खेळ इथूनच सुरू होतो. ओळीसाठी पाच आकडे लागतात, फुल हाऊससाठी पंधरा, आणि त्यांतला एकही चुकवून चालत नाही. एका तिकिटाचा हिशेब मांडला तर त्याचे पंधरावे घर सरासरीने पंच्याऐंशीव्या आकड्याच्या आसपास भरते, म्हणजे पिशवी जवळजवळ रिकामी झाल्यावर. साठ आकडे निघाले असताना एखादे तिकीट पूर्ण भरलेले असण्याची शक्यता सुमारे आठशे साठात एक इतकी कमी असते, आणि सत्तर आकड्यांनंतर ती वाढून सुमारे त्रेसष्टात एक होते. अठ्ठेचाळीस तिकिटे असली की त्यांतले एखादे सत्तरीच्या मागेपुढे भरते ते यामुळेच. हा हिशेब मी आधी करून ठेवला होता म्हणून साठाव्या आकड्याला लोक अस्वस्थ झाले तेव्हा मला घाई वाटली नाही.

पासष्टाच्या पुढे अनेकांचे एकच घर उरलेले होते. भाच्याला ८३ हवा होता आणि तो म्हणत होता, ‘मामी, मी पंधरा आकडे झाले वाट बघतोय, आता तो यायलाच पाहिजे.’ मी त्याला पिशवी दाखवली. आत बावीस सोंगट्या होत्या, आणि त्यांतली त्र्याऐंशीची सोंगटी वर येण्याची शक्यता बाकी एकवीस सोंगट्यांइतकीच होती. कोण किती वेळ थांबले आहे हे सोंगटीला कळत नाही. पहिल्या रकान्यात दोन आकडे असलेले तिकीट लवकर भरते, किंवा ९० असलेले तिकीट अशुभ असते, अशाही समजुती त्या सतरंजीवर ऐकू आल्या, आणि त्यांनाही काही आधार नाही. पंधरा आकड्यांचे प्रत्येक तिकीट सारखेच असते. खेळणाऱ्याच्या हातात असते ते एवढेच, की आकडा नीट ऐकणे, दाणा बरोबर घरात ठेवणे आणि वेळेत हात वर करणे.

एक्काहत्तरावा आकडा निघाला तो सोळा. ‘सोळा, एक सहा’ म्हणून मी मनात मोजू लागले, आणि चारवर असताना कोपीच्या बाजूने एक हात वर आला. शेजारच्या शेतातून आंबील प्यायला आलेली आणि आमच्यातच बसलेली कॉलेजातली मुलगी होती ती. तिचा आवाज अजिबात निघाला नव्हता. फुल हाऊस तपासताना आधी शेवटचा आकडा विचारायचा असतो, कारण नुकताच पुकारलेला आकडा तिकिटावर नसेल तर दावा उशिराचा ठरतो. तिने १६ वर बोट ठेवले. मग मी वरच्या ओळीपासून एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि माझी मुलगी तक्त्यावर बोट ठेवत ‘आहे’ म्हणत गेली. पंधराही होते. चादरींची जोडी त्या कॉलेजातल्या मुलीच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, ‘काकू, मला वाटलं पाहुण्यांना चालत नाही.’ मला याचे वाईट वाटले, कारण एवढे नियम सांगताना हे सांगायचे मी विसरले होते.

दुसऱ्या फुल हाऊससाठी खेळ पुढे चालू राहिला. पंच्याहत्तरावा आकडा अडतीस निघाला आणि मोठ्या आत्याबाईंनी हात वर केला. सगळीकडून एकच गलका झाला, कारण मागच्या वर्षीचे सर्वांना आठवत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तिकीट त्यांनी मांडीवर, पदराच्या आडोशाला धरले होते आणि एकही दाणा हललेला नव्हता. शेवटचा आकडा बरोबर होता. मी वाचत गेले: ४, २३, ४१, ५२, ८२, सगळे होते. मधल्या ओळीचे ११, ३८, ४७, ६६, ७०, तेही होते. खालच्या ओळीत ७ आणि २९ होते. मग मी ५९ म्हटले, आणि मुलीने उत्तर दिले नाही. तक्त्यावर एकोणसाठचे घर रिकामे होते. एकोणसत्तरचे भरलेले होते.

ती सोंगटी कधी निघाली ते मला लगेच आठवले. त्रेसष्टाव्या आकड्याच्या वेळी दोन मुले दाण्यांवरून भांडत होती. त्यांना गप्प करता करता मी ‘एकोणसत्तर’ एवढेच म्हटले होते आणि ‘सहा नऊ’ म्हणायचे राहून गेले होते. आत्याबाईंनी एकोणसाठ ऐकले. नियमाप्रमाणे ही बोगी होती आणि तिकीट बाद व्हायला हवे होते, पण चूक पुकारणाऱ्याची, म्हणजे माझी होती. मी उभी राहून सगळ्यांना तसे सांगितले. दावा मान्य होणार नाही, कारण ५९ खरोखर निघालेला नाही. पण माझ्या चुकीसाठी त्यांचे तिकीट बाद करणे मला योग्य वाटत नाही, तेव्हा ते चालू ठेवावे का, असे विचारले. सगळ्यात आधी हो म्हणाला तो ८३ ची वाट बघणारा भाचा. मग बाकीचेही म्हणाले. आत्याबाईंनी ५९ वरचा दाणा स्वतःच्या हाताने उचलला आणि मला म्हणाल्या, ‘बसू नकोस, फुडला आकडा काढ की.’

पिशवीत पंधरा सोंगट्या उरल्या होत्या. शहात्तरावा, सत्त्याहत्तरावा आकडा गेला. अठ्ठ्याहत्तराव्याला ‘त्र्याऐंशी, आठ तीन’ असे म्हणताच भाच्याचा हात वर गेला, आणि त्याच क्षणी सालगड्याच्या बायकोचाही. दोन्ही तिकिटे तपासली, दोन्ही बरोबर होती. गुळाची ढेप विळ्याने मधोमध फोडली. भाच्याने आपला अर्धा भाग आत्याबाईंच्या पुढे ठेवला, पण त्यांनी तो त्याच्या पिशवीत परत टाकला आणि स्वतःसाठी त्यातला एक खडा तेवढा घेतला.

ऊन उतरल्यावर मी सोंगट्या पुन्हा दहा-दहाच्या ढिगांत मोजून ठेवत होते, तेव्हा आत्याबाई आपले तिकीट घेऊन आल्या. त्यांनी ते मला दिले आणि ५९ वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘फुडल्या येळवशीला तू निसतं पाच नऊ म्हण. ते एकोण-बिकोण मागून म्हणलीस तरी चालंल.’ मी तिकिटाच्या मागे पेन्सिलीने तसे लिहून ठेवले.